पंचशीलाबाईंचं झांबियाचं कार्ड

एप्रिल २०१६ मधली गोष्ट. लोह्याच्या आमच्या बँकेत दुपारी पेन्शनवाल्यांची गर्दी ओसरली होती. मी डबा उघडायच्या बेतात होतो, तेवढ्यात पंचशीलाबाई धुतमल समोरच्या खुर्चीत येऊन बसल्या.

"जय भीम, किशनराव साहेब. आधी जेवून घ्या. माझं काम लांबणीचं हाय."

"जय भीम, ताई. बोला की. डबा कुठं पळून चाललाय?"

त्यांनी पिशवीतून कोरा करकरीत पासपोर्ट काढला आणि माझ्या डब्याशेजारी ठेवला. मग एक लग्नपत्रिका काढली. तिच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं प्रश्न लिहिले होते, अकरा की बारा.

"मला परदेशात चालणारं क्रेडिट कार्ड पाहिजे," त्या म्हणाल्या. "पण घ्यायच्या आधी मला ते उलगडून दावा. कुठं गळतंय ते कळल्याबिगर मी घेणार न्हाई."

सत्तावीस वर्षं मी त्या काउंटरवर बसलोय. पीककर्ज, सोनेतारण, मुलीच्या लग्नासाठी मोडायची ठेव, सगळं ऐकलं. परदेशाचं कार्ड कुणी मागितलं नव्हतं. माझी भूकच गेली.

"ताई, चाललात कुठं?"

"आफ्रिका. झांबिया म्हणून देश हाय. हापसे दुरुस्त करायला."

आता पंचशीलाबाई कोण ते सांगतो. लोहा तालुक्यातल्या एका खेड्यात, सत्तावनच्या सुमारास त्यांचा जन्म. आई-वडिलांनी नुकतीच दीक्षा घेतलेली, म्हणून पोरीचं नाव हौसेनं पंचशीला ठेवलं. बाहत्तरच्या दुष्काळात त्या आईबरोबर खडी फोडायला जात. त्याच साली गावात बोअर पाडायची गाडी आली. तीन दिवस धुरळा उडाला, चौथ्या दिवशी पाणी लागलं आणि त्यावर लोखंडी हापसा बसला. दांडा दाबला की पाणी येतं, पण येतं कुठून आणि वर चढतं कसं, हे त्या पोरीला कुणी सांगेना. पुढं हापसा बिघडला आणि दुरुस्तीची माणसं आली, तेव्हा तिनं पाईप धरायला हात दिला आणि आत काय असतं ते पाहून घेतलं.

ब्याऐंशी साली लातूर नवा जिल्हा झाला. जिल्हा नवा, तसं सगळंच नवं. जिल्हा परिषदेला माणसं कमी पडत होती. अहमदपूरला हापसे दुरुस्तीच्या टोळीत मदतनीस पाहिजे होते. पंचशीलाबाईंनी अर्ज टाकला. मुलाखतीला बसलेल्या साहेबांनी विचारलं, "बाई, पाईप उचलता येईल का?" त्या म्हणाल्या, "उचलून दाखवू का इथंच?" त्या मदतनीस झाल्या आणि सात-आठ वर्षांनी मेकॅनिक. टोळीच्या गाडीवर पुढं बसायची जागा पुरुषांची, म्हणून सुरुवातीला त्या मागं पाईपांवर बसून फिरल्या. पुढं एक वेळ अशी आली की त्या चढल्याशिवाय ड्रायव्हर गाडी चालू करत नसे. तेहेतीस वर्षं नोकरी केली. नवरा ग्यानोबा लोह्याच्या अडतीवर मापाडी, मुलगी सिंधु लातूरला शाळेत शिक्षिका.

सोळाच्या जानेवारीत त्या निवृत्त झाल्या, तेव्हा सगळीकडं हापसे कोरडे पडले होते. पुढं एप्रिलात तर लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. सिंधुच्या घरी पंधरा दिवसाला नळ. लोह्यात टँकरमागं रांगा. मेकॅनिक असली तरी खाली पाणीच नसेल तर ती काय करणार? बाई घरी नुसत्या बसून होत्या.

मार्चमध्ये वीरभद्र स्वामींचा फोन आला. हा उदगीरचा इंजिनियर. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अहमदपूरला नवा नवा लागला होता, तेव्हा हापशाचा सिलिंडर खोलायला त्याला पंचशीलाबाईंनीच शिकवलं. आता तो एका संस्थेच्या कामावर झांबियात होता. तिकडंही दुष्काळ, आणि तिकडंही आपल्याकडचेच हापसे. शेकडो बंद पडलेले. जमिनीत पाणी होतं, पण दुरुस्त करणारं कुणी नव्हतं. गावातल्या बायकांना शिकवायचं होतं.

"ताई, सहा आठवडे येता का?"

"मला विंग्रजी येत न्हाई, स्वामी साहेब."

"हापशाला कुठं येतं?"

तिकीट संस्था काढणार होती. राहणं, खाणं, गाडीभाडं आधी आपण करायचं आणि बिलं दिली की पैसे परत. लॉजवाले कार्डाशिवाय खोली देत नव्हते. असा हा सगळा मामला माझ्या डब्यापर्यंत आला.

मी आमच्याच बँकेच्या कार्डाची माहितीपत्रिका काढली. पंचशीलाबाईंनी पहिला प्रश्न वाचला, "तिथं हजार रुपयाची वस्तू घेतली तर हितं किती कापणार?"

मला ठाऊक नव्हतं! मी नांदेडला मोठ्या कार्यालयात फोन लावला. तिथल्यानं दुसरीकडं विचारलं. अर्ध्या तासानं उत्तर आलं, परदेशी खर्चावर साडेतीन टक्के आकार, वर त्या आकारावर सेवाकर.

"म्हणजे हजाराला चाळीस," बाई म्हणाल्या. "लाखाला चार हजार. लईच गळती हाय की. आता दुसरा प्रश्न. एटीएममधून रोख काढली तर?"

"ते तर नकाच करू, ताई. काढल्या काढल्या आकार, आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू."

त्यांनी लग्नपत्रिकेवरच्या त्या प्रश्नावर मोठी फुली मारली. "तिसरा. तिथला पैसा कोणता असतो?"

शाखेत आम्ही सातजण. एकालाही माहीत नाही. मोबाईलवर पाहिलं तर "क्वाचा". साडेसहा-सात रुपयाला एक. कॅशियरपासून शिपायापर्यंत सगळे क्वाचा, क्वाचा करत हसत सुटले. मॅनेजर साहेब केबिनमधून बाहेर आले, त्यांना वाटलं टँकर आला!

त्या दिवसापासून मला नादच लागला. संध्याकाळी घरी गेलो की पोराच्या कॉम्प्युटरवर कार्डं पाहत बसायचो. बायको म्हणे, "काय करून राहिलात? तुम्हाला कुठं जायचंय?" मला कुठंच जायचं नव्हतं. पण पंचशीलाबाई दर दोन दिवसांनी नवा प्रश्न घेऊन येत आणि मला उत्तर तयार ठेवायचं असे.

डॉलर भरून न्यायचं एक कार्ड असतं. मला वाटलं, हेच बरं. बाईंनी विचारलं, "डॉलर भरले, पण दुकानदार घेणार क्वाचा. मग डॉलरचे क्वाचा करताना पुन्हा कापतील का न्हाई?" चौकशी केली तर खरंच, दोनदा कापत होते. तेही बाद.

शेवटी एका शनिवारी आम्ही नांदेडला गेलो. ग्यानोबाही आला, स्वच्छ धोतर नेसून. एका खाजगी बँकेत टाय लावलेला मुलगा बसला होता. त्यानं चकचकीत पुस्तिका उघडली. "मॅडम, हे घ्या. विमानतळावर मोफत बसायची सोय, सिनेमाची तिकिटं, आणि महिन्यातून दोनदा गोल्फ."

"ते काय असतं?" ग्यानोबानं विचारलं.

"काठीनं चेंडू मारायचा असतो, काका."

"विटीदांडू हितं फुकट खेळतेत की," ग्यानोबा म्हणाला. तो मुलगाही हसला.

पंचशीलाबाईंनी पुस्तिका मिटली. "पोरा, हे राहू दे. परदेशातल्या खर्चावर सगळ्यात कमी कापणारं कोणतं, तेवढं सांग."

मुलानं खालच्या खणातून साधा कागद काढला. दोन टक्केवालं एक कार्ड होतं. वर्षाला हजार रुपये फी. पेन्शनवाल्यांना ठेवीवर मिळत होतं. बाईंनी तिथंच हिशेब मांडला. खर्च सव्वा लाखाच्या घरात. साडेतीनवर किती, दोनवर किती, त्यात फी मिळवून किती. फी धरूनही हे स्वस्त पडत होतं. "पंधरा-वीस हजारच खर्च असता, तर बिनफीचं बरं पडलं असतं," त्या मला म्हणाल्या. "खर्च पाहून कार्ड घ्यावं, साहेब." खेड्यापाड्यात लागतील तेवढे थोडे डॉलर रोख न्यायचे, एवढं ठरलं. ग्रॅच्युइटीतले दीड लाख ठेवीत गेले, अर्ज झाला, आणि परत येताना बाईंनी आम्हाला उसाचा रस पाजला. त्या बोलतच होत्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई आणि जत्रेला निघालेल्या पोरीसारखी उडत होती.

आठ दिवसांनी फोन आला. अर्ज नामंजूर. सही जुळत नाही.

पाच वर्षांपूर्वी एका खेड्यावर पाईप निसटून त्यांचा उजवा अंगठा चेंगरला होता. तेव्हापासून त्या डाव्या हातानं सही करत. पॅन कार्डावर मात्र जुनी, उजव्या हाताची. विमान चौदा मेचं, आणि मे उजाडला होता.

बाई शाखेत आल्या, पण प्रश्नांची लग्नपत्रिका पिशवीतच राहिली. पहिल्यांदाच त्यांना असं पाहिलं. म्हणाल्या, "साहेब, हापशानं अंगठा नेला आणि आता हापशासाठीच चालले तर तोच आडवा आला."

मला एकदम आठवलं. अंगठ्याला पट्टी बांधून त्या आल्या होत्या, तेव्हा डाव्या हाताची नवी सही त्यांच्या खात्यात मीच चढवली होती! मी उठलो, जुनं रजिस्टर काढलं. दोन्ही सह्या एका पानावर, तारखेसकट. मॅनेजर साहेबांनी सही पडताळणीचं पत्र दिलं, शिक्का मारला. टपालावर सोडायची माझी हिंमत झाली नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एसटीनं नांदेड गाठलं. टायवाल्या मुलानं पत्र वाचलं आणि माझ्यासमोर स्कॅन करून वर पाठवलं.

कार्ड अकरा मेला आलं. निळं, वर इंग्रजीत नाव. पंचशीलाबाई ते दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. मग आम्ही फोन करून त्याचा परदेशातला वापर चालू करून घेतला, खर्चाची मर्यादा ठरवली, हरवलं तर कुठं कळवायचं तो नंबर त्यांनी दोन ठिकाणी लिहून घेतला. निघताना मी शेवटचं सांगितलं, "ताई, तिथलं मशीन विचारील, रुपयांत देता का क्वाचामध्ये. रुपये दिसले म्हणून भुलू नका. रुपयाचा भाव दुकानवालाच ठरवतो आणि जादा लावतो. क्वाचाच म्हणायचं."

"क्वाचा," त्या म्हणाल्या. "ध्यानात राहील."

सोळा मेला, ऐन कामाच्या वेळी माझा मोबाईल वाजला. भला मोठा नंबर, झांबियातला.

"किशनराव साहेब! लुसाकाहून बोलून राहिले! कार्ड चाललं! मशीननं विचारलं, मी क्वाचा दाबलं. काउंटरवरची पोरगी म्हणली, मॅडम, रुपीज? मी म्हणलं, नो, क्वाचा!"

मी उभा राहून अख्ख्या शाखेला सांगितलं. पेन्शनच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते निम्म्यांना कळलं नसावं.

मग त्या दक्षिणेकडं चोमा नावाच्या गावाला गेल्या. तिथं शिकायला चौदा बायका. पहिलाच हापसा खोलला, तर आतली चामडी वॉशरं झिजून पापडासारखी झालेली. संस्थेच्या भांडारातून नवी यायला तीन आठवडे लागणार होते. वीरभद्र कागदपत्रं करत बसला. बाई म्हणाल्या, "गावात लोखंडी सामानाचं दुकान हाय का न्हाई?" होतं. मालक गुजराती निघाला. पंचशीलाबाईंनी आपल्या हिंदीत वॉशरं मागितली, चाळीस नग, आणि निळं कार्ड पुढं केलं. त्याच दुपारी हापसा जोडला. त्यांनी स्वतः दांडा धरला नाही. मुटिंता नावाच्या एका बाईला धरायला लावला. दहा-बारा दांडे कोरडे गेले, आणि मग पाणी आलं. वीरभद्रानं त्याचं चित्रण पाठवलं. त्या चौदाजणी नाचताहेत, मध्ये पंचशीलाबाई, पदर खोचलेला, त्याही नाचताहेत. ते चित्रण ग्यानोबानं लोह्याच्या अडतीवर किती जणांना दाखवलं त्याला गणती नाही.

सहा आठवड्यांत एकतीस हापसे चालू झाले. जूनअखेर बाई परतल्या. संस्थेचे पैसे वेळेवर आले, कार्डाचं बिल मुदतीच्या आत भरलं गेलं, एक पैसा व्याज लागलं नाही. एका ओळीत दोन टक्क्यांपेक्षा जास्त कापलं होतं. तेही त्यांनी फोनवर भांडून परत मिळवलं.

पुढच्या वर्षी युगांडाचं बोलावणं आलं. या वेळी त्या ग्यानोबाला घेऊन बँकेत आल्या.

"साहेब, ह्यांना संगं नेते. आपल्या पैशानं. त्याच कार्डावर घरच्या माणसाचं दुसरं कार्ड निघतं म्हणे?"

"निघतं की. त्यांच्या नावाचं."

"माझं नाव?" ग्यानोबा म्हणाला. "इंग्रजीत?"

"हाव, इंग्रजीत," बाई म्हणाल्या.

"मग बापाचं नाव बी टाका म्हणावं त्यांना," तो म्हणाला, "अन् जरा मोठ्या अक्षरात." आणि खुर्ची पुढं ओढून फॉर्मवर सही करायला वाकला.