बाबा झोपले आहेत

प्रताप नगरात आमचं एक वाचनमंडळ आहे. महिन्यातून एकदा जमायचं, कुणाची तरी नवी कथा ऐकायची आणि चहासोबत तिची चिरफाड करायची. गेल्या खेपेला पाळी माझी होती. मंडळात मानसशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका येतात. त्या म्हणाल्या, "तुमच्या कथांत माणसं भांडतातसुद्धा कुजबुजत. घरात कुणाचा धाक होता का?"

मला रागच आला. कथा म्हणजे काय माझा एक्स-रे आहे? पण बाईंनी बोट नेमकं दुखऱ्या जागी ठेवलं होतं.

बाबा हिंगण्याच्या कारखान्यात कायम रात्रपाळीला. सकाळी कंपनीच्या बसनं यायचे आणि दुपार टळेपर्यंत झोपायचे. तेवढा वेळ घर मुकं. कुकरची शिटी नको म्हणून आई भात पातेल्यात शिजवायची. दाराची बेल तर काढूनच टाकली होती. आई आणि मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर, कानाला तोंड लावून बोलायचो.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. आई आता बेसा भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये राहते. इथे दिवसा कुणी झोपत नाही. तरी दुपार झाली की तिचा आवाज खाली जातो, आणि मी पन्नाशीची बाई बेडरूमचं दार हळूच लोटून घेते. आत कुणीतरी कूस बदलल्यासारखं वाटतं. खोटं कशाला बोलू, भीती वाटते.

मंडळातून आले ती ठरवूनच, की आईला या धाकातून सोडवायचं. दुसऱ्या दुपारी मुद्दाम टीव्ही मोठा केला.

"आई, बोल ना वं मोठ्यानं! बाबा नाहीत आता. काहून भेऊन राहिली?"

आईनं टीव्ही बंद केला. मला वाटलं, रडेल. तर ती हसली आणि नेहमीसारखी जवळ सरकली.

"भेव कायचं वं? तुहे बाबा तं गायीवानी गरीब. पन थे उठले का तू पयत जाऊन त्यायच्या मांडीवर बसे. मंग मी कितीबी हाका मारो, तुले आयकू येत नव्हतं. तेवढी दुपारच तू माही होती. म्हनून मी त्यायले उठू देत नव्हती."

इतकी वर्षं कथा लिहिते आहे मी. बाबा त्यांत जिथे तिथे आहेत, झोपलेले. आई एकीतही नाही.