सामंतकाकांचे दोन मीटर

नदीतून वर आल्या आल्या सामंतकाका आधी कात्री काढत. गळाची जाड दोरी आणि पिसांची खोटी माशी यांना जोडणारा पारदर्शक धागा कापत, बोटाभोवती गुंडाळत आणि आतल्या खिशात टाकत. मगच मासेमारी क्लबच्या झोपडीकडे वळत. या धाग्याला जर्मनीत फोरफाख म्हणतात. काकांचा फोरफाख किती लांब, हे फक्त त्यांच्या जर्मन बायकोला, इंगेकाकूंना, आणि मला ठाऊक होतं.

"ब्रेंडल आहे तोवर कुणाला सांगायचं नाही," काका बजावत. ब्रेंडल म्हणजे क्लबचा अध्यक्ष.

मार्क जाऊन युरो आला, त्या सुमारास मी एर्लांगेनला पीएचडीसाठी आले. काका मूळचे वेंगुर्ल्याचे, पण सगळी हयात तिथे इंजिनिअर म्हणून काढलेली. माशांवाचून माझे हाल होतात हे कळल्यावर त्यांनी मला रविवारी नदीवर न्यायला सुरुवात केली. ब्रेंडलशी असलेल्या त्यांच्या वैराची गोष्ट मला तिथेच कळली.

नव्या सभासदाने फोरफाखची लांबी अध्यक्षांना विचारायची, असा क्लबचा रिवाज. काकांनी विचारली. ब्रेंडल गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "दोन मीटर. त्याहून बोटभरही जास्त नको." खळाळत्या पाण्यात तेवढा चालतो. आमची नदी मात्र संथ आणि नितळ. तिथे आखूड धागा लावला की जाड दोरी थेट माशाच्या डोक्यावर पडते आणि ट्राउट पसार. काका अख्खा हंगाम रिकाम्या हाताने परतले. वर्षअखेरच्या जेवणात ब्रेंडल बिअरचा ग्लास घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आमचे भारतीय मित्र दोरखंडाने मासे हाकलतात!" सगळी झोपडी हसली, कारण दोन मीटर ही ब्रेंडलने केलेली थट्टा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. इंगेकाकू शेजारीच बसल्या होत्या.

"क्लब सोडला का नाहीत?" मी विचारलं.

"सोडला असता तर तो जिंकला असता. आल्झो, मग मी माशांनाच विचारायचं ठरवलं."

पुढच्या वसंतात काका पुलावर पालथे पडून पाण्यात बघत राहिले आणि खालून काकू दोरी फेकत राहिल्या. मासा पळाला की काका ओरडत, "अजून लांब!" काकू धाग्याला तुकडा जोडत. साडेचार मीटरला मासा जागचा हलला नाही. "गेनाऊ! बरोब्बर!" काका इतक्या जोरात ओरडले की तो शेवटी पळालाच.

पुलाखालचा डोह ब्रेंडलचा लाडका. काका नेमके तिथेच ट्राउट धरू लागले. झोपडीत कुणी "पेट्री हाइल" असं कोळ्यांचं अभिनंदन केलं, की काका ब्रेंडलकडे वळून मोठ्याने म्हणत, "पेट्री डांक! अध्यक्षांचेच दोन मीटर!" आधी ब्रेंडल हसायचा. मग काकांच्या गळाकडे चोरून बघू लागला. आणि एका रविवारी मी त्याला झाडाआड स्वतःचा फोरफाख आखूड करताना पाहिलं. काकांना सांगितलं, तर ते काठावर बसून डोळ्यांतून पाणी येईतो हसले. त्या दिवशी रवा लावून तळलेला ट्राउट मला फार गोड लागला. एवढा आकस बरा नव्हे, असं कुणी म्हणेल. ज्याच्यावर भरल्या पंगतीत लोक हसले, त्याने तो ठेवावाच, असं माझं मत आहे.

काका आजारी पडले, तेव्हा इस्पितळात त्यांनी माझा हात धरला.

"मी गेल्यावर तो तुला विचारेल बघ. काय सांगशील?"

"दोन मीटर."

"शाबास, पोरी," म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले.

अंत्यसंस्कारानंतर तिथल्या रीतीप्रमाणे कॉफी आणि केक होता. ब्रेंडलने भाषण केलं, "सामंतांना मासेमारी मीच शिकवली." मला काका हवे होते, त्या क्षणी उठून त्याला उत्तर द्यायला.

थोड्या वेळाने तो आमच्या टेबलाशी आला. म्हातारा झाला होता. आवाज उतरवून म्हणाला, "आता तरी खरं सांगा. फोरफाख किती लांब असायचा?"

त्याचा चेहरा इतका केविलवाणा होता की साडेचार माझ्या ओठांवर आलंच होतं.

"दोन मीटर, ब्रेंडलसाहेब," इंगेकाकू म्हणाल्या. "तुम्हीच तर सांगितलं होतं." आणि त्यांनी त्याच्या बशीत केकचा आणखी एक तुकडा वाढला.