वैशालीची एक ओळ, जी मी माझी म्हणून सांगितली

वैशाली आज सकाळी गेली. आणि मला अजून तिचा हेवा वाटतोय.

असं लिहू नये, कळतंय. पण तिच्याबाबतीत एकदा खोटं बोललोय. तेवढं पुरे.

२००५च्या आसपास कोल्हापुरात आमचं वेबसाइट बनवायचं छोटं ऑफिस होतं. मी सीनियर. ती आजऱ्याहून नवीनच आलेली, कसबा बावड्यात मामाकडं राहायची.

एका गूळ व्यापाऱ्याची साइट होती. रेडिमेड टेम्प्लेट. हेडिंग हिरवी, आणि त्यांना पाहिजे होती गुळाच्या रंगाची.

रंग बदलेना.

दोन दिवस मी साइटचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या प्रत्येक ओळीला ‘इम्पॉर्टंट’ लावत बसलो. म्हणजे ब्राउझरनं बाकीचं सोडून माझंच ऐकावं. हेडिंग हिरवी ती हिरवीच.

तिनं मागून बघितलं.

"टेम्प्लेटवाल्यानंबी इम्पॉर्टंट लिवलंय की, दादा. वर त्या भागाचा आयडी दिलाय. तुमचा नियम त्याच्यापुढं हलका पडतोय."

माझ्या सगळ्या ओळी पुसून तिनं आयडी घालून एकच ओळ लिहिली. रिफ्रेश केलं. रंग बदलला.

शिकून सहा महिने झाले नव्हते तिला.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, कुणी सोडवलं? ती पाणी प्यायला बाहेर गेली होती.

मी म्हणालो, "मी."

पुढच्याच महिन्यात पुण्याच्या एका कंपनीनं साहेबांकडं चांगला माणूस मागितला. साहेबांनी माझं नाव दिलं. मी गेलो.

ती कोल्हापुरातच राहिली. बावड्यात क्लास काढला. तिच्या क्लासची मुलं माझ्याकडं पुण्याला इंटरव्ह्यूला यायची, मॅडमचं नाव घ्यायची. मी विषय बदलायचो.

गेल्या वर्षी ती आजारी असल्याचं कळलं, तेव्हा बावड्याला गेलो. सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल, जाऊ दे, जुनी गोष्ट.

"माहीत हाय मला. दारातच हुते मी," ती म्हणाली. "मला पायजे हुती ती नोकरी, दादा."



मग तिनं आईला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं.

आज तिच्या प्रोफाइलवर तिच्या क्लासच्या मुलांच्या पोस्ट संपता संपेनात. माझ्यासाठी असं कोण लिहिणार?

साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर, ते काम वैशालीचं होतं.

वैशाली, शेवटचा नमस्कार.