खाली आणलेली दांडी

लढाईच्या दिवसांत नगरच्या छावणीसाठी अंडी गोळा करणारा एक म्हातारा तिसगावात आमच्या दारी यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही; सगळ्यांसारखी मीही चाचाच म्हणायची. अंडी घेण्याआधी तो कोंबड्यांचे तळवे उलटून बघायचा.

एकदा आमची तांबडी लंगडायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "आता घाल तिला रश्श्यात." चाचानं तिला उचललं, सुजलेला तळवा दाखवला आणि तो खोपटात वाकला. मुंगसाच्या भीतीनं आम्ही कोंबड्यांची बसायची दांडी छातीएवढी उंच बांधली होती. त्यानं ती सोडून गुडघ्याएवढ्यावर बांधली, खापरीनं घासून गुळगुळीत केली आणि खाली भुसकट पसरलं.

"सूनबाय, चढताना ती पंख मारती. उतरताना धाडदिशी दगडावर आदळती, ते कुनी बघत न्हाई."

तांबडी वाचली. लढाई संपली तसा चाचा यायचा थांबला.

परवा मी खाटेवरून उतरताना पडले. नातवानं खाटेचे पाय कापून ती बुटकी केली, खाली गोधडी अंथरली. मला हसू आलं.

"काय झालं गं आजी?"

म्हटलं, "काही नाही रे. चाचा येऊन गेला."