समोरचं बेट

दोन हजार सहा साली कॅरिबियनमधल्या व्हर्जिन आयलंड्सला गेलो, तेव्हा आमच्या कॅप्टनसाहेबांचं एकूण शिक्षण सहा शनिवारांचं होतं. नवरा माझा, सॉफ्टवेअरवाला. ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडहून समुद्रकाठच्या गॅल्व्हेस्टनला ड्राइव्ह करत जाऊन शिडाची बोट चालवायला शिकला. सातव्या शनिवारी पांढरी टोपी विकत आणली. म्हटलं, झालं, आता नेव्ही घाबरणार.

सेंट थॉमसच्या धक्क्यावरून भाड्याच्या सगळ्या बोटी समोरच्या ब्रिटिश बेटांकडे निघाल्या होत्या. शांत पाणी, सतत दिसणारा किनारा. तिकडे जेवायचं, पोहायचं, परत यायचं. आम्ही मात्र दक्षिणेला, सेंट क्रॉयला. चाळीस मैल उघडा समुद्र! बोटवाला म्हातारासुद्धा चकित झाला. तिकडे कशाला, म्हणाला.

"वी लाइक चॅलेंज," साहेब छाती काढून उत्तरले.

चॅलेंज कसलं डोंबलाचं! आमच्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्यांची मुदत संपली होती. अमेरिकेत राहायला हातातले कागद चालत होते, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येताना नवा शिक्का हवा. सेंट थॉमससारखं सेंट क्रॉयही अमेरिकेचंच, म्हणून तिकडे. आणि हे लेकीला अजिबात सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती. ती अकरा वर्षांची, ह्यूस्टनमध्ये जन्मलेली. तिच्यासमोर आपण लहान दिसू नये, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

तासाभरात लाटा वाढल्या आणि साहेबांचा चेहरा दुधी भोपळ्यासारखा झाला. प्लॅस्टिकच्या कव्हरमधले प्रिंटआउट वाचत दोऱ्या ओढायच्या, मधेच कठड्यावरून ओकायचं. टोपी तर कधीच उडाली. मला हसू आवरेना. बटाट्याची भाजी-पोळी मी मुद्दाम त्याच्या नाकासमोर बसून खाल्ली.

लेक रडकुंडीला आली. "एव्हरीबडी वेंट दॅट वे! व्हाय आर वी गोइंग दिस वे?"

"अगं, खरी मजा इकडेच..." एवढं बोलून तो एका हाताने सुकाणू धरून पुन्हा वाकला.

माझं डोकंच फिरलं. "मजा कसली डोंबलाची! तुझ्या बाबाला तिकडे जाता येत नाही. शिक्का संपलाय त्याचा. गेला तर परत घेणार नाहीत, म्हणून आपली सगळ्यांची वरात इकडे!"

त्याने तोंड पुसलं आणि समोर बघत राहिला. खरं तर तिथेच मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

लेकीने माझ्याकडे बघितलं. "अँड यू?"

"माझाही संपलाय. मी त्याच्याच व्हिसावर आहे ना. डिपेंडंट."

"अँड मी?"

"तू कुठेही जाऊ शकतेस."

तिने माझ्या पिशवीतून आलेपाकाच्या वड्यांचा डबा काढला, एक वडी बापाच्या तोंडात घातली आणि त्याच्या शेजारी सुकाणूवर हात ठेवून उभी राहिली. डबा तिने स्वतःजवळच ठेवला.

"आई, बाबाला हसू नको," चक्क मराठीत म्हणाली. "तू पण सेमच आहेस."

पुढे लाटा आणखी मोठ्या झाल्या. मलाही मळमळायला लागलं, पण वडी मागायची हिंमत झाली नाही.