अ नंतर ब की आ?

शहराच्या छावणी भागातल्या एका बालवाडीत मी अक्षरं शिकवते. घरी गेले की नवरा विचारतो, "आज काय शिकवलंस?" मी शिकवलेलं दोन मिनिटांत सांगून होतं. पोरांनी मला जे ऐकवलेलं असतं, ते सांगता सांगता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात! त्यातलंच हे थोडं.

*

जुनैदला मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "अ नंतर काय येतं?"

"ब!"

"नाही रे राजा, आ."

त्याला काही ते पटेना. "टीचर, अम्मी सिखाती, अलिफ के बाद बे. दीदीच्या इंग्लिशमध्ये ए के बाद बी. फक्त तुमच्याकडंच आ कसा काय?"

मी फळ्याकडं बघितलं. मग त्याच्याकडं बघितलं. मग म्हटलं, "चला, डबे उघडा!"

*

तक्त्यावर कणसाचं चित्र आहे. खालचं अक्षर हातानं झाकून मी विचारलं, "ओळखा बरं, हे कोणतं अक्षर?"

सिल्लोडहून नुकतीच शहरात आलेली आरती म्हणाली, "क! कणसाचा."

जुनैद म्हणाला, "भ! भुट्ट्याचा."

मागून कुणीतरी ओरडलं, "स! स्वीटकॉर्नचा!"

मी हात काढून 'म, मक्याचा' दाखवला. आरतीला माझी लई कीव आली. "टीचर, मका शेतात उभा असतो. त्याला लागतं ते कणीस. तुम्हाला शेत नाय का?"

नव्हतं!

*

'ण बाणाचा' शिकवताना आरतीनंच अडवलं. "बाण तर ब नं सुरू होतो."

"हो गं, पण ण नं कोणताच शब्द सुरू होत नाही ना."

"मग तो शिकायचा कशाला?"

मी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं. त्यांनी बराच विचार केला. म्हणाल्या, "परीक्षेत येतो."

जरा वेळानं त्यांनीच मला विचारलं, "पण बालवाडीला परीक्षा कुठंय?"

*

अक्षरांचा क्रम डोक्यात बसावा म्हणून मी खाऊच्या वेळी नावाच्या अक्षराप्रमाणं रांग लावायला लागले. ज्ञानेश्वरी रोज शेवटी. तिच्या हातात राजगिऱ्याच्या लाडवाचा नुसता चुरा यायचा. तिसऱ्या दिवशी ती इतकी रडली की चौथ्या दिवशी तिची आईच शाळेत आली.

"मॅडम, हिचं स्पेलिंग डी नं सुरू होतं. हिला डी मध्ये घ्या ना."

घेतलं. सगळी रांगच इंग्लिशप्रमाणं लावली. ज्ञानेश्वरी पुढं आली, हसली. आणि आतापर्यंत 'झ' म्हणून मधे सुखानं उभी असणारी झोया झेडमुळं थेट शेवटी गेली!

मग तिचे अब्बा आले. लई अदबीनं म्हणाले, "टीचर, एकच विचारायचं होतं. ये स्कूल मराठी मीडियमच है ना?"

*

तनुजाचे आजोबा करमाड गावचे. मुलाकडं राहायला आले आणि नातीला सायकलवर शाळेत सोडायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं. सोडून लगेच जायचे नाहीत. खिडकीबाहेर उभे राहायचे. मी कितीदा म्हटलं, "आजोबा, ती रडत नाही आता, तुम्ही जा." "व्हय बाई, निघालोच," म्हणायचे आणि तिथंच उभे!

एका सकाळी ते एकटेच आले. पाठीला नातीचं गुलाबी दप्तर.

"पोरीला ताप हाय."

"मग राहू द्या ना तिला घरी. बरी झाली की पाठवा."

"व्हय. पण आज 'थ' शिकवणार व्हता ना?"

माझ्या काही ध्यानात येईना. तेवढ्यात त्यांनी चपला दाराशी काढल्या आणि तनुजाच्या जागी सतरंजीवर मांडी घालून बसले. पोरं माझ्याकडं बघायला लागली, मी पोरांकडं. मी हजेरी घ्यायला लागले. सवयीनं तनुजाचं नावही घेतलं.

"हजर, बाई!"

एकही पोर हसलं नाही.

पाट्या तपासायच्या वेळी ते उठले आणि रांगेत उभे राहिले. आरतीच्या मागं, झोयाच्या पुढं. नंबर आला तशी त्यांनी 'थ' काढलेली पाटी दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली.

"बाई, नीट बघा बरं. पोरगी घरी वाट बघत बसलीय."