बूड नसलेली पेटी

कळव्याच्या खाणीवरच्या मुकादमाने माझ्या थोरल्या बहिणीला फसवून तिचे खोपट काढून घेतले. हे आधीच सांगून टाकतो, कारण आज ठाण्यात त्याच्याविषयी निराळे बोलले जाते.

दुष्काळात आम्ही घाटावरून उतरलो, तेव्हा रेल्वेच्या रुळांखाली घालायच्या खडीला मोठी मागणी होती. पुरुष सुरुंग लावत. बायका उन्हात बसून हातोडीने दगड फोडत. खाणीखाली कुडाच्या खोपटांची रांग होती आणि ती कोणाला द्यायची हे मुकादम ठरवी. आक्का विधवा, पदरी दोन मुली. तिला रांगेतले शेवटचे, खाडीच्या बाजूचे ओलसर खोपट मिळाले होते.

बायका आधी रोजावर होत्या. पुढे मुकादमाने काम पेटीवर लावले. फोडलेली खडी लाकडी पेटीत भरायची. दिवसाला दोन पेट्या. सलग तीन दिवस जिच्या दोन भरणार नाहीत, तिने खोपट सोडायचे. बोलणी करायला बायकांनी मला पुढे केले, कारण बाजारात मी भांडून भाव पाडतो हे सगळ्यांना ठाऊक होते. मी दोन दिवस घासाघीस केली. कंबरेएवढी पेटी मांडीएवढी करून घेतली. फळ्या वितीने मोजल्या, सुताराला समोर बसवून कापायला लावल्या. त्या संध्याकाळी मी मिशीला पीळ देत रांगेतून फिरलो.

पेटीला बूड नव्हते. खडीच्या पेटीला ते नसतेच. भरली की चौकट उचलायची, ढीग मोकळा होतो. म्हणून खालच्या जमिनीकडे पाहायचे मला सुचले नाही.

महिनाभर आक्काच्या दोन पेट्या होत होत्या. मग ती म्हणू लागली, "हात पहिल्यासारखा चालत नाही रे."

"मुलींशी बोलत बसतेस, मग कसा चालेल?" मी तिलाच टाकून बोललो.

तीन दिवस तिची दुसरी पेटी अपुरी राहिली. चौथ्या सकाळी तिची मडकी बाहेर आली आणि मुकादमाच्या मेव्हण्याचे बिऱ्हाड आत गेले.

मी तडक खाणीवर गेलो. आक्काची अपुरी पेटी तशीच उभी होती. रागाने ती उपसून काढली आणि खडी बाजूला सारली, तर खाली वीतभर खोल खळी. पेटी रोज मुकादमाचा माणूस मांडी. जागाही तोच दाखवी. मी पेटी सपाट कातळावर ठेवून तीच खडी तीत भरली. पेटी काठोकाठ भरून वर चार पाट्या उरल्या.

शेजारची म्हातारी ओरडली, "मुकादम, तुमची पेटी पोटुशी दिसते! कितवा महिना?"

बायका हसल्या. मग त्यांनी आपापल्या पेट्या उचलून पाहिल्या. आणखी तिघींच्या खाली खळ्या निघाल्या. तिघीही एकट्या बायका.

मुकादम म्हणाला, "जमीन खालीवर असायचीच. बोलणी तूच केलीस ना? उंची तू ठरवलीस, रुंदी तू ठरवलीस. जमिनीचं काही बोलला होतास?"

मी त्याची गचांडी धरली. दोघांनी मला ओढून काढले.

"आक्काच्या पेट्या भरल्या होत्या. खोपट परत दे."

"आत माणसं राहायला आली. त्यांना आता कुठं टाकू?"

खळ्या त्याच दिवशी बुजवल्या गेल्या. त्या तिघींची खोपटे वाचली. आक्का मुलींना घेऊन कल्याणला गेली, भाताच्या वखारीत पाखडायला लागली आणि दोन पावसाळे तिने वखारीच्या ओसरीवर काढले.

आता मी स्वतः खडी पुरवतो. मुकादम पोक्त गृहस्थ झाला आहे. लोक घरांच्या हद्दीचे तंटे त्याच्याकडे नेतात. मी जुने उगाळतो असे ते म्हणतात. म्हणोत. बोलणी माझी होती, तेवढा दोष माझा, आणि तो मी आक्कापाशी कबूल केला आहे. ती अजून कल्याणातच राहते. मुकादमाने तिच्यासमोर उभे राहावे आणि एकट्या बायकाच निवडून त्यांच्या पेट्यांखाली जमीन कोणी खणायला लावली, हे तिला स्वतःच्या तोंडाने सांगावे.